राजपत्र दाखवा : बंदीच्या कलमाचे ग्रंथपालासाठी भाष्य

उपोद्घात

इंद्रायणीकाठच्या माणसाला भाष्य म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. आळंदीला समाधिस्थ झालेल्या ज्ञानदेवांनी शके 1212 मध्ये गीतेची एकेक ओळ मराठीत उघडून दाखवली. ज्यांच्या जगण्याशी त्या ग्रंथाचा संबंध होता, त्यांनाच ग्रंथाची भाषा परकी होती, म्हणून हा खटाटोप. आज मी ज्या मजकुरावर भाष्य करणार आहे तो पवित्र नाही, सुंदर तर नाहीच. तो कायद्याचा मजकूर आहे. अडचण मात्र तीच आहे: ज्याला त्याची रोज गरज पडू शकते, त्याने तो वाचलेलाच नसतो.

हा मजकूर म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, 2023 मधील कलम 98. ही संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली. त्याआधी हीच तरतूद 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 95 म्हणून होती आणि त्याही आधी 1898 च्या संहितेत कलम 99-अ म्हणून, जे 1922 साली त्यात घातले गेले. इंग्रज गेले, संहिता दोनदा बदलली, कलमाची घडण मात्र जवळपास तशीच राहिली. पुस्तक सरकारजमा करण्याचा अधिकार या कलमातून येतो.

ते ग्रंथपालाने का वाचावे? भोसरी, आकुर्डी किंवा चाकण परिसरातले कुठलेही छोटे वाचनालय डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची मुले बसली आहेत. पहिली पाळी संपवून आलेला कामगार वर्तमानपत्र चाळतो आहे. देवघेवीच्या टेबलावर एकच माणूस आहे आणि दार उघडण्यापासून दाखल नोंदवही लिहिण्यापर्यंत सगळे तोच करतो. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 चा. त्याखालची बहुतेक मान्यताप्राप्त वाचनालये स्वयंसेवी संस्था चालवतात. अ, ब, क, ड असा वर्ग मिळतो आणि वर्गाप्रमाणे अनुदान. म्हणजे या माणसाच्या वर कार्यकारी मंडळ आहे, मंडळावर देणगीदारांचे लक्ष आहे आणि सगळ्यांचे लक्ष अनुदानाकडे. अशा माणसाला एखाद्या संध्याकाळी फोन येतो: ‘अमुक पुस्तक तुमच्याकडे आहे म्हणे. ते काढून टाका, नाहीतर आम्ही येतो.’

त्या क्षणी हातात काय असावे, याचे उत्तर म्हणून हे भाष्य. माझे म्हणणे एवढेच: हे कलम बंदीचे आहे, पण शब्दाशब्दाने वाचले तर बंदी कशी होते यापेक्षा बंदी कशाने होत नाही, हेच ते जास्त सांगते. मूळ कलम इंग्रजीत आहे. खाली प्रत्येक ओळीचा अर्थ मी माझ्या मराठीत दिला आहे.

ओळ पहिली : एखादे वृत्तपत्र, पुस्तक किंवा कुठेही छापलेला एखादा दस्तऐवज…

कलमाचा कर्ता नंतर येतो. कर्म आधी आले आहे. ते एकवचनी आहे, हे पहिल्यांदा लक्षात घ्यावे. एक पुस्तक, वृत्तपत्राचा एक अंक, एक दस्तऐवज. चित्र आणि छायाचित्रही ‘दस्तऐवज’ या शब्दात मोडते, असे पुढचे पोटकलम सांगते. म्हणजे कायद्याची नजर वस्तूवर आहे. लेखकाचे नाव या ओळीत नाही, विचारधारा नाही, पुस्तक ठेवणारी संस्थाही नाही. ‘अमुक लेखकाची सगळी पुस्तके काढा’ किंवा ‘त्या विषयावरचे कपाटच रिकामे करा’ ही मागणी या पहिल्याच ओळीत बाद होते.

हा फरक पुस्तकी नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने त्याची किंमत मोजली आहे. जेम्स लेन या अमेरिकन अभ्यासकाचे शिवाजी महाराजांवरचे इंग्रजी पुस्तक 2003 मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढले. त्यातल्या मजकुरावर तीव्र संताप उसळला आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये प्रकाशकाने पुस्तक भारतातून मागे घेतले. लेखकाने ऋणनिर्देशात संस्थेचे आणि तिथल्या अभ्यासकांचे आभार मानले होते. संस्थेचा पुस्तकाशी संबंध एवढाच. तरी डिसेंबरमध्ये एका ज्येष्ठ संस्कृत अभ्यासकाच्या तोंडाला काळे फासले गेले आणि 5 जानेवारी 2004 रोजी शंभरावर माणसांचा जमाव संस्थेत शिरला. कपाटे उलथवली गेली, ग्रंथ आणि कागद जमिनीवर आले. ज्या संस्थेने 1917 पासून हजारो हस्तलिखिते सांभाळली, जिथे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालून 1966 मध्ये पूर्ण झाले, तिथे हे घडले. ज्या पुस्तकावर राग होता, ते तोवर बाजारात राहिलेही नव्हते.

शिवाजी महाराजांविषयीचा आदर हा या मातीचा आदर आहे आणि तो दुखावला गेला तर वेदना खरी असते, हे मान्य करूनच मी पुढे जातो. पण महाराजांच्या काळाचा अभ्यास ज्या कागदांवरून होतो, ते कागद जपणाऱ्या घरावरच हात पडला. पुस्तकावरचा राग पुस्तकापुरता राहत नाही, तो ग्रंथालयावर येतो. म्हणूनच पहिल्या ओळीतले एकवचन मौल्यवान आहे.

ओळ दुसरी : …राज्य शासनाला असे दिसून आले की त्यात…

आता कर्ता आला: राज्य शासन. या ओळीत नगरसेवकाचे नाव नाही, संघटनेच्या अध्यक्षाचे नाही, वाचनालयाच्या कार्याध्यक्षाचे नाही, पोलीस ठाण्याचेही नाही. पिंपरी-चिंचवडला 15 ऑगस्ट 2018 पासून स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे. त्या आयुक्तालयालाही आपल्या मर्जीने पुस्तकावर बंदी घालता येत नाही. त्यांची भूमिका पुढे, सहाव्या ओळीत आहे.

इथे शंका घेतली जाते: ‘लोकांना दिसते ते शासनाला दिसायला वेळ लागतो. तोपर्यंत लोकांनी गप्प बसायचे का?’

समाधान: अजिबात नाही. लोकांनी तक्रार करावी, लेख लिहावा, सभा घ्यावी, उत्तर देणारे पुस्तक छापावे आणि त्याच वाचनालयाला भेट द्यावे. ग्रंथपालाने ते पहिल्या पुस्तकाच्या शेजारी ठेवावे. कायद्याने लोकांचे तोंड बांधलेले नाही. निर्णयाचा अधिकार मात्र एकाच ठिकाणी ठेवला आहे, म्हणजे त्या निर्णयाबद्दल कुणाला तरी जाब विचारता येईल. जमावाला जाब विचारता येत नाही, कारण जमावाने सही केलेली नसते.

कर्ता कोण, हा प्रश्न आपल्या पट्ट्यात जुना आहे. परंपरा सांगते की तुकोबांना अभंगरचनेचा अधिकार नाही असे ठरवले गेले आणि त्यांच्या वह्या देहूला इंद्रायणीत बुडवायला लावल्या गेल्या. तेरा दिवस तुकोबा काठावर बसून राहिले. या कथेत शब्दांवर आक्षेप कमी आणि ‘हे लिहिणारा तू कोण’ हा प्रश्न मोठा आहे. पुस्तक पाण्यात घालणाऱ्याला मात्र ‘घालणारा तू कोण’ असे त्या वेळी कुणी विचारू शकले नाही. आजच्या ग्रंथपालाला ते विचारता येते आणि दुसरी ओळ त्याच्या बाजूने उभी आहे.

ओळ तिसरी : …अमुक अमुक कलमांखाली ज्याचे प्रकाशन शिक्षापात्र आहे असा मजकूर आहे…

इथे भारतीय न्याय संहितेतल्या सहा कलमांची यादी येते: 152, 196, 197, 294, 295 आणि 299. देशाचे सार्वभौमत्व व एकात्मता, गटागटांत शत्रुत्व, राष्ट्रीय एकात्मतेला बाधक आरोप, अश्लीलता, मुलांना अश्लील वस्तू विकणे आणि धार्मिक भावनांचा जाणीवपूर्वक, दुष्ट हेतूने केलेला अवमान. यादी इथे संपते. ‘इत्यादी’ हा शब्द तिच्यात नाही.

म्हणून ‘हे पुस्तक आमच्या समाजाला आवडलेले नाही’ हे कारण यादीत बसत नाही. ‘लेखक तुरुंगात होता’ हेही नाही. ‘मुलांच्या मनावर परिणाम होईल’ ही पालकाची काळजी रास्त असेल, पण तिचे उत्तर कपाटाच्या मांडणीत आणि बालविभागाच्या निवडीत आहे. आणि ‘भावना दुखावल्या’ हे शब्द, जे आपण सर्वाधिक ऐकतो, तेवढेच यादीत कुठेही नाहीत. कलम 299 ला हेतू लागतो आणि तो जाणीवपूर्वक आणि दुष्ट असावा लागतो. अश्लीलतेच्या कलमातही विज्ञान, साहित्य, कला आणि विद्या यांच्या हितासाठी असलेल्या प्रकाशनाला अपवाद दिलेला आहे. ग्रंथालय नेमके त्याच चार गोष्टींसाठी असते.

मजकूर कुणाच्या डोळ्यांनी वाचायचा? याचे उत्तर महाराष्ट्रातूनच गेले आहे. 1946 साली नागपूर उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी भगवतीचरण शुक्ल यांच्या खटल्यात मोजपट्टी घालून दिली: शब्दांचा परिणाम विवेकी, खंबीर आणि धीट माणसाच्या मनावर काय होईल ते पाहावे, प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या दुबळ्या मनाच्या माणसावर काय होईल ते नव्हे. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही हीच मोजपट्टी उचलली. टेबलावर बसलेल्या ग्रंथपालाने आपल्या वाचकाकडे याच नजरेने पाहावे. प्रेस शॉपमध्ये आठ तास उभा राहून पुस्तक न्यायला आलेला माणूस दुबळ्या मनाचा आहे, असे गृहीत धरणे हा त्याचा अपमान आहे.

यादीबाहेरच्या कारणाने पुस्तकाला धक्का कसा बसतो, याचे उदाहरण ताजे आहे. डिसेंबर 2022 मध्ये राज्य शासनाने कोबाड गांधी यांच्या आत्मकथनपर पुस्तकाच्या मराठी अनुवादाला दिलेला पुरस्कार काही दिवसांत रद्द केला. त्यावरून अनेकांनी शासकीय समित्यांचे राजीनामे दिले. तो वाद आपल्या जागी असो. ग्रंथपालाने त्यातून घ्यायची गोष्ट साधी आहे: पुरस्कार काढून घेतल्याने पुस्तकावर बंदी येत नाही. पुरस्कार न मिळालेली असंख्य पुस्तके आपल्या कपाटात आहेत, तसेच तेही एक.

ओळ चौथी : …तर शासन, आपल्या मताची कारणे नमूद करून, अधिसूचनेद्वारे…

या भाष्याचा गाभा ही ओळ आहे. तिच्यात दोन अटी आहेत आणि दोन्ही कागदावरच्या आहेत.

पहिली अट: अधिसूचना. बंदी ही शासकीय राजपत्रात छापून येते. ती फोनवर येत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत नाही, कुणाच्या भाषणात जाहीर होत नाही. ‘वरून आदेश आहेत’ हे वाक्य अधिसूचना नाही. म्हणून या लेखाचे नाव ‘राजपत्र दाखवा’ आहे. पुस्तक काढायला आलेल्या कुणालाही, आवाज न चढवता, आधी खुर्ची देऊन, ग्रंथपालाने विचारावे: राजपत्र दाखवा. आहे का? तारीख काय? क्रमांक काय?

दुसरी अट अधिक खोल आहे: कारणे. शासनाने ‘आम्हाला वाटते’ एवढे म्हणून चालत नाही. का वाटते ते त्याच अधिसूचनेत लिहावे लागते. 1961 मध्ये हरनाम दास यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेश शासनाचा जप्तीचा आदेश याच मुद्द्यावर रद्द केला: कलमातले शब्द आदेशात उतरवले होते, पण मताची कारणे दिली नव्हती. 1976 मध्ये पेरियार यांच्या रामायणविषयक पुस्तकाच्या हिंदी अनुवादाचा प्रश्न आला, तेव्हाही उत्तर प्रदेश शासन हरले. कारणांवाचूनचा आदेश टिकत नाही, हे त्या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी पुन्हा ठासून सांगितले. साल पाहावे. तो आणीबाणीचा काळ होता; वर्तमानपत्रांवर पूर्वतपासणी होती; आदल्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवतांनी लेखनस्वातंत्र्यासाठी आवाज उठवला होता. अशा दिवसांतही या ओळीने एका पुस्तकाला वाचवले.

आणि लेन यांच्या पुस्तकाचे काय झाले? भांडारकर संस्थेवरच्या हल्ल्यानंतर त्याच महिन्यात राज्य शासनाने त्यावर बंदी घातली. 2007 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जप्तीची अधिसूचना रद्द केली आणि 9 जुलै 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. न्यायालयाने विचारले ते थोडक्यात असे: गटागटांत शत्रुत्व पसरेल असे अधिसूचना म्हणते, पण कोणत्या गटांत? ते तिच्यात स्पष्ट केलेलेच नव्हते. कारण मागितले आणि कारण निघाले नाही.

शंका: ‘म्हणजे तांत्रिक मुद्द्यावर पुस्तक सुटले. खरे-खोटे ठरलेच नाही.’

समाधान: हा मुद्दा तांत्रिक नाही. कारण लिहायला लागले की मजकूर वाचावा लागतो. कुठले पान, कुठले वाक्य, त्याने कुणात काय होईल, हे सांगावे लागते. पुस्तक न वाचता बंदी मागणारा माणूस इथेच अडतो. आणि पुस्तकातले खरे-खोटे ठरवणे हे न्यायालयाचे काम नव्हतेच. ते इतिहासकारांचे काम आहे, ते दुसऱ्या पुस्तकाने होते, आणि दोन्ही पुस्तके जिथे एकत्र मिळतील अशी जागा गावात एकच असते.

ग्रंथपालाने हीच शिस्त स्वतःला लावावी. कुणी आक्षेप घेतला तर तो लेखी घ्यावा. पुस्तकाचे नाव, दाखल अंक, पान, वाक्य, आक्षेपाचे कारण, आणि ‘आपण पुस्तक पूर्ण वाचले आहे का’ हा प्रश्न. अर्ज ग्रंथ निवड समितीपुढे जावा आणि निर्णय होईपर्यंत पुस्तक आपल्या जागी राहावे. शासनालाही ज्या कारणांवाचून बंदी घालता येत नाही, ती कारणे दिल्याशिवाय एका वर्गणीदाराच्या शब्दावर पुस्तक हलवणे म्हणजे स्वतःकडे शासनापेक्षा मोठा अधिकार घेणे होय.

ओळ पाचवी : …त्या पुस्तकाची प्रत्येक प्रत सरकारजमा झाल्याचे जाहीर करू शकेल…

‘करू शकेल’, ‘करील’ नव्हे. सगळ्या अटी पुऱ्या झाल्या तरी शासनावर बंदीची सक्ती नाही.

‘प्रत्येक प्रत’ या शब्दांत वाचनालयातली प्रतही येते. रीतसर अधिसूचना निघाली असेल तर ग्रंथपालाने प्रत लपवू नये, कायदा मोडू नये. पण कायदा प्रत मागतो, नोंद मागत नाही. दाखल नोंदवहीतली ओळ खोडू नये; शेऱ्याच्या रकान्यात अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख लिहावी. उद्या न्यायालयाने बंदी उठवली तर हे पुस्तक आपल्याकडे होते, याचा पुरावा ती ओळच असेल. सावरकरांचे 1857 वरचे पुस्तक इंग्रज सरकारने 1909 मध्ये छापून हाती पडण्याआधीच बंद केले. ती बंदी उठायला 1946 उजाडले. बंदीचे आयुष्य मोठे असू शकते, पण नोंदवहीचे त्याहून मोठे असते.

ओळ सहावी : …त्यावर कोणताही पोलीस अधिकारी ती प्रत जप्त करू शकेल, आणि दंडाधिकारी वॉरंट देऊन, उपनिरीक्षकाहून कमी दर्जा नसलेल्या अधिकाऱ्याला, जिथे ती असल्याचा वाजवी संशय आहे अशा जागेत शिरून झडती घेण्याचा अधिकार देऊ शकेल.

ओळ लांब आहे, पण तिच्यातली उतरंड नीट पाहावी. ‘त्यावर’ हा शब्द आधी: म्हणजे अधिसूचनेनंतर, तिच्याआधी नाही. प्रत जप्त करण्यासाठी वॉरंट लागत नाही. जागेत शिरून शोध घ्यायचा असेल तर मात्र दंडाधिकाऱ्याचे वॉरंट हवे, आणि येणारा अधिकारी किमान उपनिरीक्षक हवा. गुन्ह्याच्या तपासातल्या झडतीच्या तरतुदी वेगळ्या आहेत. या कलमाचा मार्ग एवढाच. त्यामुळे ग्रंथपालाने वॉरंट वाचायला मागणे हा उद्धटपणा नाही. नेलेल्या प्रतीची पोच मागणे हाही नाही. जो अधिकारी कायद्याने आला आहे, त्याला या दोन्ही गोष्टी अडचणीच्या वाटत नाहीत.

या ओळीत जे नाही तेही मोलाचे आहे. जप्त करायची ती प्रत. ती कुणीकुणी वाचायला नेली, हे सांगावे असे ओळ म्हणत नाही. देवघेवीच्या नोंदीत वाचकाचे मन लिहिलेले असते. कुणी कर्करोगावरचे पुस्तक नेतो, कुणी घटस्फोटाच्या कायद्यावरचे, कुणी धर्मांतरावरचे. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. अमेरिकेत 2005 मध्ये कनेक्टिकटच्या चार ग्रंथपालांनी तपास यंत्रणेच्या वाचकांची माहिती मागणाऱ्या पत्राला न्यायालयात आव्हान दिले. या पत्राविषयी कुणाशी बोलायचेही नाही, अशी सक्ती त्यांच्यावर होती. शेवटी सरकारने माघार घेतली. आपल्याकडे एल्गार परिषद प्रकरणात 28 जुलै 2023 रोजी दोघांना जामीन देताना सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की एखादे साहित्य हिंसेला उत्तेजन देणारे असले, तरी ते नुसते जवळ असणे हा आपोआप दहशतवादाचा गुन्हा होत नाही. हे वाक्य प्रत्येक वाचकाच्या घरातल्या कपाटाला लागू आहे, तर सार्वजनिक कपाटाला किती जास्त!

ओळ सातवी : हितसंबंध असलेली कोणतीही व्यक्ती, राजपत्रातील प्रसिद्धीपासून दोन महिन्यांच्या आत, उच्च न्यायालयाकडे दाद मागू शकेल.

ही ओळ शेजारच्या कलम 99 मधली आहे. पण ती सोडून कलम 98 वाचणे म्हणजे कुलूप पाहून किल्ली न पाहणे. प्रकरण तीन न्यायमूर्तींच्या विशेष पीठापुढे जाते. पुस्तकात तसा मजकूर आहे याबद्दल न्यायालयाचे समाधान झाले नाही, तर बंदी जाते.

‘हितसंबंध’ कुणाचा? लेखकाचा आणि प्रकाशकाचा तर आहेच. पण लेन यांच्या पुस्तकावरची बंदी उठवायला मुंबई उच्च न्यायालयात गेले ते संघराज रूपवते, आनंद पटवर्धन आणि कुंदा प्रमिला नीळकंठ. लेखक यांच्यात नव्हता, प्रकाशक नव्हता. ते वाचक होते. वाचकाचा हितसंबंध चालतो, तर हजार वाचकांच्या वतीने पुस्तके विकत घेणाऱ्या वाचनालयाचा का चालू नये? माझ्या मते चालावा, आणि एखाद्या ग्रंथालय संघाने हे पाऊल एकदा उचलावे.

इथे एक कठीण उदाहरण घेतलेच पाहिजे, नाहीतर भाष्य सोयीचे ठरेल. गांधीहत्येच्या कटात शिक्षा भोगलेल्या गोपाळ गोडसे यांच्या मराठी पुस्तकावर शासनाने 1967 मध्ये बंदी घातली. 1969 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. त्या पुस्तकाची बाजू मला अमान्य आहे, अगदी मुळापासून. तरी ते कपाटात असावे असे मी म्हणतो. ज्याने गांधीजींना समजून घ्यायचे ठरवले आहे, त्याला त्यांच्या मारेकऱ्यांनी स्वतःला काय सांगितले, हेही तपासता आले पाहिजे. तेच कलम पेरियारांना उपयोगी पडते आणि गोडशांनाही. या समानतेमुळेच ग्रंथपालाला त्याच्यावर उभे राहता येते. आपल्या आवडीच्या पुस्तकापुरतेच जो स्वातंत्र्याचे नाव घेतो, तो त्या पुस्तकाचा चाहता असतो, ग्रंथपाल नसतो.

आणि प्रत्येक वेळी बंदी उठतेच असेही नाही. जानेवारी 2010 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने आर. व्ही. भसीन यांच्या इस्लामवरील पुस्तकावरची बंदी कायम ठेवली. पण तीही कारणांसह, उघड न्यायालयात, वाचून. तो निकाल कुणालाही मिळवून वाचता येतो आणि त्यावर टीका करता येते. टेबलाखाली सरकवलेल्या पुस्तकाबद्दल असा निकाल कुठे मिळणार?

न लिहिलेली ओळ

भाष्यकाराला मुळात नसलेली ओळ जोडायचा अधिकार नाही. पण या कलमानंतर एक ओळ आपण सगळे न लिहिताच पाळत असतो, तिच्याकडे बोट दाखवणे माझे काम आहे. ती अशी: ‘कशाला भानगड.’

पुस्तक खरेदीच्या यादीतून आधीच वगळले जाते. आलेले असले तर ‘बांधणीला गेले आहे’ असे वर्षभर सांगितले जाते. तालिकेतली नोंद राहते आणि कपाटातली जागा रिकामी होते. या बंदीला अधिसूचना नाही, कारण नाही, तारीख नाही, म्हणून दोन महिन्यांची मुदतही सुरू होत नाही. तिच्याविरुद्ध तीन न्यायमूर्ती बसत नाहीत. कायद्याने घातलेल्या बंदीला सात ओळींची कुंपणे आहेत. भीतीने घातलेल्या बंदीला एकही नाही. म्हणून ग्रंथपालाने सगळ्यात जास्त जपायचे ते स्वतःच्या हाताला.

मला ठाऊक आहे, हे टेबलाच्या या बाजूने सांगणे सोपे आहे. तुटपुंज्या पगारावरच्या एकट्या माणसाला वीर होण्याचा सल्ला देणे अन्यायाचे आहे. म्हणूनच मी शौर्य मागत नाही, कागद मागतो. मंडळाने एक पानाचे ग्रंथ निवड धोरण करून त्याचा ठराव घ्यावा. आक्षेपाचा छापील अर्ज टेबलावर ठेवावा. धमकी आली तर मंडळाने, ग्रंथपालाने एकट्याने नव्हे, पोलिसांत लेखी कळवावे. कलम 98 आणि 99 ची प्रत काचेखाली लावावी. अमेरिकन ग्रंथालय संघाने 1939 मध्ये ग्रंथालयाच्या हक्कांची सनद स्वीकारली आणि आंतरराष्ट्रीय ग्रंथालय महासंघाने 1999 मध्ये बौद्धिक स्वातंत्र्याचे निवेदन काढले, ते याच एकट्या माणसाच्या पाठीशी संस्था उभी राहावी म्हणून. आपल्याकडे रंगनाथनांनी 1931 मध्येच पाच सूत्रे दिली. त्यातले तिसरे प्रत्येक ग्रंथाचा त्याच्या वाचकावरचा हक्क सांगते. ग्रंथालयशास्त्राच्या परीक्षेत ते आपण पाठ लिहितो. फोन वाजतो तेव्हा ते आठवायचे असते.

शेवटी पुन्हा इंद्रायणीकडे. गाथा पाण्यावर तरली असे परंपरा सांगते, आणि त्या श्रद्धेला माझा नमस्कार आहे. पण याच पट्ट्यात, चाकणला, संताजी जगनाडे नावाचे तेली होते. तुकोबांच्या टाळकऱ्यांपैकी एक. त्यांनी तुकोबांचे अभंग वह्यांत लिहून ठेवले, असे परंपराच सांगते. त्या वह्या त्यांच्या वंशजांनी पिढ्यान्‌पिढ्या जपल्या आणि विसाव्या शतकात वि. ल. भावे यांनी त्यांच्या आधारे गाथेची आवृत्ती काढली. संताजींची समाधी सुदुंबऱ्याला आहे. आज त्या बाजूने चाकणच्या कारखान्यांकडे अखंड वाहने जातात.

त्यांच्याजवळ ना कलम होते, ना राजपत्र, ना अनुदान. दुसऱ्याच्या शब्दांची प्रत करायची आणि ती आपल्या घरात जागेवर ठेवायची, एवढेच त्यांनी केले. चाकणच्या वाचनालयात उद्या सकाळी कुलूप काढणाऱ्या माणसाला करायचे आहे तेही एवढेच: काल जे पुस्तक जिथे होते, ते आज तिथेच आहे का, ते पाहायचे.